बालाजी घाटाची भिंत

मी रेल्वेत सेक्शन इंजिनिअर (वर्क्स) आहे. म्हणजे क्वार्टर्सची गळती, प्लॅटफॉर्मच्या फरश्या, पाण्याच्या टाक्या आणि तुंबलेली गटारे यांचा माणूस. "या वर्षी आपल्या घाटांवरच्या इमारतींवर तुम्ही लिहा," असे स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. इतिहासाचा माझा अभ्यास नाही. सोलापूरच्या तंत्रनिकेतनातला सिव्हिलचा डिप्लोमा एवढीच माझी विद्या. पण ते म्हणाले, "सनावळ्या सांगणारे पुष्कळ आहेत हो. भिंतीला हात लावून बघणारा माणूस हवाय." म्हणून हे धाडस केले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बदली होऊन २००९ साली मी बनारसला आलो. मुगलसरायकडून येणारी गाडी मालवीय पुलावर चढली, की डाव्या हाताला घाटांची सगळी कमान एका नजरेत दिसते. डब्यातली मंडळी हात जोडत होती. मी मात्र खाली वाकून पुलाचे खांब बघत होतो. हा पूल १८८७ चा, तेव्हाचे नाव डफरीन ब्रिज. खाली रेल्वे आणि वर रस्ता. पहिली दोन-तीन वर्षे मी या शहरात अशीच काढली. घाटावर पाहुण्यांना घेऊन जायचो, पण मला तिथे फक्त निखळलेले दगड, उगवलेले पिंपळ आणि ओल दिसायची. "एवढे सगळे पाडून नवे बांधले पाहिजे," असे मी एकदा बोलूनही गेलो होतो.

माझे डोळे उघडले ते एका चुकीमुळे. ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही.

गिलाव्याचे सर्टिफिकेट

पक्का महालात, बालाजी घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत एका मराठी कुटुंबाचा जुना वाडा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. उत्सवातल्या एका दिवसाची आरती दरवर्षी त्यांच्या चौकात होते, आणि काकूंच्या हातची खिरापत खाल्ली नाही असा रेल्वेतला मराठी माणूस विरळाच. २०१० च्या पावसाळ्यानंतर त्यांच्या मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. अण्णांनी मला विचारले. घरचाच माणूस, त्यात इंजिनिअर!

मी ऐटीत सांगितले, जुना चुना सगळा खरवडून काढा आणि वॉटरप्रूफिंग पावडर घालून एकास चारचा सिमेंटचा गिलावा करा. कामावरचा म्हातारा मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, "साहब, यह चूने की दीवार है, सीमेंट पकड़ेगी नहीं।" मी त्याला गप्प केले.

दोन पावसाळे गेले आणि तो गिलावा फळ्याच्या फळ्या होऊन पडला. नुसता पडला नाही, मागच्या लखौरी विटांचे तोंड घेऊन पडला. लखौरी म्हणजे या भागातली पातळ, चपटी जुनी वीट. ती मऊ असते आणि चुना-सुर्खीत बसवलेली असते. जमिनीतली ओल तिच्यात चढते, चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर येते आणि हवेत उडून जाते. मी तिच्यावर सिमेंटचे घट्ट झाकण बसवले. ओल आत कोंडली, क्षार विटेच्या आतच साचून फुगले, आणि शंभर-दीडशे वर्षे टिकलेली वीट दोन वर्षांत भुसभुशीत झाली.

अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पडलेल्या गिलाव्याचा वीतभर तुकडा मात्र त्यांनी ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवून दिला. कोणी विचारले की म्हणतात, "ते आमच्या इंजिनिअरसाहेबांचे सर्टिफिकेट!" तो तुकडा आजही तिथेच आहे.

पुढे तोच मिस्त्री, तीच भिंत, पण चुना आणि विटेची सुर्खी. या वेळी मी स्टूल घेऊन बाजूला बसलो आणि बघितले. काम चालू असताना अण्णा म्हणाले, "तू इमारत आजारी पडल्यावरच बघतोस. धडधाकट असताना ती कशी वागते, ते कधी बघितलेस का? चल, होडीतून जाऊ."

नदीतून दिसणारी भिंत

बालाजी घाट पंचगंगेच्या जवळ, मंगळागौरीच्या शेजारी आहे. गल्लीतून गेलो की आपण एकदम वरच्या अंगाने देवळापाशी पोचतो आणि खालची सगळी इमारत आपल्या पायाखाली राहते. त्यामुळे ती दिसतच नाही. होडीत बसून पन्नास हात आत जावे आणि मागे वळून पाहावे. मग कळते की आपण ज्याला इमारतीचा तळमजला समजत होतो, तो प्रत्यक्षात नदीपासून तीन-चार मजले उंच आहे.

काशीला गंगा उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या काठावर म्हणजे पश्चिमेला शहर, आणि आतल्या काठावर म्हणजे पूर्वेला वाळू. कुठल्याही नदीचा प्रवाह बाहेरच्या काठावर घासत जातो. पात्र तिथेच खोल असते आणि काठही तिथेच ढासळतो. सुदैवाने हा काठ कंकरमिश्रित कडक मातीचा आणि उंच आहे. तरीही त्याला चिलखत हवेच. रेल्वेच्या भाषेत ज्याला आम्ही बँक प्रोटेक्शन म्हणतो, तेच इथे पायऱ्या, बुरूज आणि महालांची जोती मिळून करतात. घाट आपल्याला स्नानासाठी बांधलेले वाटतात. ते आहेतच, पण शहराची ती तटबंदीही आहे आणि शत्रू म्हणजे दर पावसाळ्यात येणारे पाणी.

ते किती येते, याचा आकडा सांगतो. वाराणसीला धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरमध्ये गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. उन्हाळ्यातल्या पाण्यापासून ही उंची चार-पाच मजल्यांइतकी भरते. आता घाटावरचे महाल पुन्हा पाहा. खालचा भाग भरीव, चुनारच्या वालुकाश्माचा, जवळजवळ बिनखिडक्यांचा. मध्यावर मोजकी, लहान झरोक्यांसारखी भोके. आणि पाणी जिथे सहसा पोचत नाही तिथून पुढे मात्र सज्जे, महिरपी, जाळ्या, नक्षी. कलाकुसर कुठे करायची आणि कुठे हात आवरायचा, हे नदीने ठरवून दिले आहे. कोपऱ्यांवर आणि पायऱ्यांच्या मध्ये जे बुरूज पुढे आलेले दिसतात, तेही नुसते शोभेचे नाहीत. ते भिंतीला आधार देतात आणि पाण्याचा जोर फोडतात. उन्हाळ्यात त्यांच्यावर छत्र्या लावून बसता येते, हा वरचा फायदा.

दगड चुनारहून नदीच्या वाटेने आला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. चुनार इथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे दगडाने भरलेली नाव प्रवाहाबरोबरच खाली येते. ज्या नदीपासून शहर राखायचे, तिनेच राखणीचा दगड आणून दिला.

त्या दिवशी होडीत मला प्रथमच वाटले, की इमारतीला स्वभाव असतो. आपली जागा, आपले पाणी, आपले ऊन आणि आपली माणसे यांच्याशी ती कसे जमवून घेते, त्यात तो दिसतो. माणसाचा स्वभाव जसा त्याच्या कपड्यांवरून कळत नाही, तसा इमारतीचाही नुसत्या नक्षीवरून कळत नाही.

पेशवे, शिंदे आणि सनई

बालाजी घाटाचे पक्के बांधकाम १७३५ च्या सुमारास पेशव्यांनी केले. त्याच साली थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या होत्या. पुणे ते काशी हा प्रवास तेव्हा महिनोन्‌महिन्यांचा होता. इतक्या लांबून येणाऱ्या माणसाला काशीत उतरायला जागा, पूजेला देऊळ आणि गंगेत उतरायला पायऱ्या हव्यात, आणि या तिन्ही गोष्टी घाटावरच्या एकाच वास्तूत मिळायच्या. खाली घाट, वर राहण्याची जागा, आत बालाजी. आपल्याकडच्या वाड्यात जसे घर, कचेरी आणि देवघर एका छताखाली असते, तसेच हे. फक्त इथे वाडा आडवा न पसरता नदीकाठी उभा चढला आहे.

पुढे १८६४ मध्ये ही वास्तू ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांकडे आली. मालक बदलले, पण देवळातली पूजा आणि चौघडा चालू राहिला. या देवळाच्या सनईचा वारसा पुढे साऱ्या देशाला ठाऊक झाला. लहानगे बिस्मिल्ला खाँ आपले मामा अलीबक्ष यांच्याकडे सनई शिकले आणि याच बालाजीच्या देवळात त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. २००१ साली ते भारतरत्न झाले, २००६ साली गेले, पण बालाजीच्या देवळाचे नाव त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होते. पेशव्यांचे देऊळ, शिंद्यांची मालकी, वाजवणारे मुसलमान घराणे आणि ऐकणारी गंगा. काशीची सगळी रीत त्या एका इमारतीत मावली होती.

सनईसारख्या वाद्याला दगडी भिंत आणि समोर मोकळे पाणी यापेक्षा चांगली जागा कोणती? आवाज मागे जिरत नाही आणि पुढे अडत नाही. बांधणाऱ्याने हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. पण चांगल्या इमारतीत असे होते. बांधताना मनात नसलेले उपयोगही ती पुढे सामावून घेते.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ही वास्तू पडक्या अवस्थेत होती. २०१२ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगभरातल्या लक्ष देण्याजोग्या वास्तूंच्या यादीत बालाजी घाटाचे नाव घातले, आणि त्यानंतर इन्टॅकच्या सहभागाने तिची डागडुजी झाली. न्यूयॉर्कच्या संस्थेला जी इमारत दिसली, ती तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आरती करणाऱ्या आम्हाला दिसली नव्हती. मला याची लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहितो.

एक तासाची फेरी

ज्यांना सवड असेल त्यांनी हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी मणिकर्णिकेपासून ब्रह्माघाटापर्यंत पायी जावे. अंतर फार नाही, पण वाटेतली नावे वाचली तर आपण महाराष्ट्रातच फिरतो आहोत असे वाटते.

मणिकर्णिका घाट अहिल्याबाई होळकरांनी नव्याने बांधवला, आणि आजचे विश्वनाथाचे देऊळ १७८० चे, तेही त्यांचेच. भोसले घाट नागपूरकरांचा. त्याची भिंत पाहा. उंच, सपाट, मितभाषी. खिडक्या अगदी वर आणि लहान. नागपूरकरांना नदीची पक्की ओळख पटली होती असे दिसते. गणेश घाटावर अमृतराव पेशव्यांच्या नावाने ओळखले जाणारे विनायकाचे देऊळ आहे. आपल्या उत्सवाच्या निमित्ताने तिथे एक दूर्वांची जुडी वाहायला हरकत नाही. पंचगंगेला अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे. तो पाहिला की जेजुरीची आठवण येते. वर बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींचे. आणि एकनाथ महाराजांनी आपले भागवत १५७३ साली याच काशीत पूर्ण केले, हे वारकऱ्यांना सांगायला नको.

या फेरीत एक ठिकाण असे आहे, जिथे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला नेतो. ते म्हणजे शिंदे घाट. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी तो मोठ्या हौसेने बांधवला, पण बांधकामाचे ओझे खालच्या जमिनीला पेलले नाही आणि घाट खचला. तो पुढे पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ आजही सुमारे ९ अंशांनी कललेले उभे आहे. इटलीतला पिसाचा मनोरा दुरुस्तीनंतर जेमतेम ४ अंश कललेला आहे. त्याच्यासाठी जगभरातले तज्ज्ञ जमले. आपले रत्नेश्वर मात्र वर्षातले कित्येक महिने पाण्यात आणि गाळात उभे राहून तसेच आहे.

पायाची हीच गोष्ट आणखी एका मराठी माणसाला भोवली होती. काशीहून गयेला जाताना वाटेत कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की पुण्य नाहीसे होते अशी समजूत, म्हणून यात्रेकरूंची पंचाईत व्हायची. नाना फडणविसांनी त्यांच्यासाठी तिथे पूल बांधायला घेतला. पण तळाच्या वाळूत पाया टिकेना आणि काम अर्धवट राहिले. पुढे १८३० च्या आसपास काशीच्या राय पटनीमल यांनी पैसे दिले, टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी आराखडा केला आणि पूल उभा राहिला. पुण्याची सगळी कारस्थाने ज्यांना उलगडत, त्या नानांना कर्मनाशेची वाळू उलगडली नाही! पैसा, सत्ता आणि भक्ती असली तरी जमिनीला विचारावेच लागते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

आपल्या आसपास

हे सगळे राजेरजवाड्यांचे झाले. पण एकदा ही नजर आली की ती घाटावर थांबत नाही. आमच्या जुन्या रेल्वे क्वार्टर्सकडेही मी आता वेगळ्या दृष्टीने बघतो. जाड भिंती, पुढे खोल व्हरांडा, छताजवळ छोटे व्हेंटिलेटर. मे महिन्याच्या लूमध्ये गरम हवा वरून निघून जाते आणि दुपारी व्हरांड्यामुळे भिंतीला ऊन लागत नाही. विजेचा पंखा घरोघर नसतानाच्या काळातली ही अक्कल आहे. आम्ही पक्षी घरटी करतात म्हणून व्हेंटिलेटर बुजवले, एक खोली वाढावी म्हणून व्हरांडे बंद केले, आणि मग कूलरसाठी अर्ज केले. ते अर्ज माझ्याच टेबलावर आले.

आपल्यापैकी पुष्कळजण पक्का महालात राहतात किंवा राहत होते. विश्वनाथ धामाच्या कामासाठी तीनशेहून अधिक घरे घेऊन पाडण्यात आली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्या घरांच्या भिंतींआड चाळीसहून अधिक लहानमोठी देवळे निघाली. त्या कामाविषयी मते वेगवेगळी असू शकतात आणि त्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला एवढेच जाणवले, की गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहून शेजारच्या भिंतीमागे काय आहे हे पुष्कळांना माहीत नव्हते. आपल्या घराच्या भिंतीमागे काय आहे, हे तरी आपल्याला माहीत आहे का?

अण्णांचा प्रश्न

मागच्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावून घेतले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. वाड्याला गिऱ्हाईक आले होते. पाडून तिथे सहा मजली लॉज बांधायचे त्याच्या मनात होते. अण्णा म्हणाले, "मागच्या वेळी मी तुला ओलीचे विचारले होते. आता सगळ्या वाड्याचे विचारतो. पाडू की ठेवू? आणि मला वाईट वाटेल म्हणून खोटे सांगू नकोस."

मी चार रविवार तिथे घालवले. ओळंबा, टेप आणि हातोडी घेऊन. चौकाचे चौदा लाकडी खांब, त्यातले दोन बुडाशी कुजलेले. तुळया ठणठणीत. भिंती अडीच फुटी, ओळंब्यात. गच्चीवर मात्र आधीच्या कोणी टाकलेला सिमेंटचा थर तडकून खाली पाणी मुरत होते. चौकाच्या मध्ये उभे राहिले की वरचा आकाशाचा चौकोन दिसतो आणि गंगेकडून आलेला वारा देवडीतून थेट आत येतो. हे एस्टिमेटमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचे, ते मला कळले नाही.

मी दोन एस्टिमेट केली, एक दुरुस्तीचे आणि एक नव्या बांधकामाचे. दुरुस्तीचे पुष्कळच स्वस्त निघाले. पण विकून येणाऱ्या पैशांपुढे ते काहीच नव्हते, आणि तेही मी लपवले नाही. "वाडा अजून दोन पिढ्या उभा राहील. पण राहायला माणसे नसतील तर दहा वर्षेही नाही," असे मी लिहून दिले. अण्णांनी कागद वाचला, घडी घातला आणि कोनाड्यात त्या गिलाव्याच्या तुकड्याखाली ठेवला.

या उन्हाळ्यात दोन्ही मुले येऊन गेली. विकण्याचा निर्णय अजून झालेला नाही. पण दोन खांबांची बुडे कापून त्यांना दगडी बैठक दिली, गच्चीवरचे सिमेंट काढून चुन्याचा कोबा केला. खर्च मुलाने दिला. उन्हातान्हात कोब्याची ठोकणी चालली होती तेव्हा तो माझ्याशेजारी उभा राहून विचारत होता, "काका, हा खांब कशाच्या लाकडाचा आहे?" लहानपणी याच खांबाला धरून तो गोल गोल फिरायचा, पण हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. मला तेवढेही पुष्कळ वाटले.

वाचकांना एकच विनंती. जुने सगळे चांगले आणि नवे सगळे वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. गंगेवर नवा रेल्वे-रस्ता पूल बांधायला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि रेल्वेचा माणूस म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण ज्यांची घरे जुनी आहेत, त्यांनी ती विकण्याआधी, पाडण्याआधी, निदान गिलावा करण्याआधी एक दिवस काढून नीट बघावीत. उंबरठा किती झिजला आहे, ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजता येते, पुराच्या खुणा कुठवर आहेत, कोनाडे कशासाठी होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. फोटो काढावेत. शक्य असेल तर मापे घ्यावीत. टेप धरायला मी येईन.

अण्णांकडची आरती यंदाही चौकातच आहे. खांबांच्या नव्या दगडी बैठका जरूर बघा. आणि ओसरीवरच्या कोनाड्यात माझे सर्टिफिकेट आहे, तेही बघायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!